शीतभीरु मल्लिकेचा उत्तरप्रवास

चार वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, तिथल्या वाचनालयात, मी 'फुलांचे प्रवास' या विषयावर बोललो. बोलण्याच्या ओघात एक वाक्य तोंडून गेलं : आपला मोगरा बौद्ध भिक्षूंनी चीनला नेला आणि तिथे त्याचा चहा झाला. टाळ्या पडल्या. आभारप्रदर्शनानंतर संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई जवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भिक्षूंनी नेला, हे कशावरून?" मी दोन-तीन पुस्तकांची नावं घेतली. खरं सांगायचं तर त्यांतल्या एकाही पुस्तकात ते वाक्य नव्हतं. कुठेतरी वाचलं होतं, मनाला गोड वाटलं होतं, म्हणून बोललो होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. वाचनालयाच्या वार्षिक अहवालात भाषणाचा सारांश छापून आला, त्यात नेमकं तेच वाक्य ठळक अक्षरांत होतं. वर्षभराने एका पुरवणीतल्या लेखात ते 'संशोधकांच्या मते' अशा मानाने उतरलेलं पाहिलं. ते संशोधक म्हणजे मी! पदवीनंतर विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जे काही शिकलो ते शिकलो. माझ्यासारख्याच्या नावापुढे पदव्या नसतात. लिहिलेलं तपासून लिहिलंय, एवढीच त्याची पुंजी असते. ती मी एका टाळीसाठी खर्च केली होती. हा लेख म्हणजे बाईंच्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर.

त्याच सुमारास भाच्याने ग्वांगझाऊहून येताना चहाचा एक डबा आणला. झाकण उघडलं आणि घरात गजरा आल्यासारखा वास दरवळला. तळहातावर चहा घेऊन पाहिलं, तर बारीक वळलेली हिरवी पानं, मधूनमधून रुपेरी लव असलेल्या कळ्या, त्याही चहाच्याच. मोगऱ्याची पाकळी औषधालाही नव्हती. वास होता, फूल नव्हतं. बाईंच्या प्रश्नाला हा दुसरा प्रश्न जोडला गेला : फूल गेलं कुठे?

नावाची साक्ष

चिनी भाषेत मोगऱ्याला 'मोली' म्हणतात. हा शब्द मूळचा चिनी नाही. तो आपल्या 'मल्लिका'चं चिनी तोंडातलं रूप आहे, याबद्दल अभ्यासकांचं एकमत आहे. कोसलचा राजा प्रसेनजित याची राणी मल्लिका, बौद्ध कथांमध्ये श्रावस्तीच्या माळाकाराची मुलगी म्हणून येते. चिनी भाषांतरांत तिचं नाव ज्या दोन अक्षरांनी लिहिलेलं आहे, त्याच दोन अक्षरांनी जुन्या ग्रंथांत हे फूलही लिहिलेलं सापडतं. पुढे त्या अक्षरांच्या डोक्यावर वनस्पतीची खूण चढली आणि आजचं 'मोली' तयार झालं.

सोळाव्या शतकातला थोर औषधिकोशकार ली शि-चेन याने तर हे सरळच नोंदवलं आहे. वेगवेगळे लेखक हे नाव वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, कारण शब्द परका आहे आणि त्याला ठरलेली अक्षरं नाहीत, असं तो सांगतो. मला इथे हुरूप आला. पण त्याच नोंदीत तो फुलाचं मूळ ठिकाणही सांगतो, आणि ते भारत नाही. तो म्हणतो, हे फूल पर्शियाचं, तिथून दक्षिण समुद्राकाठी आणून लावलेलं.

त्याहून जुना मानला जाणारा ग्रंथ म्हणजे 'नानफांग त्साओमू च्वांग', दक्षिणेतल्या वनस्पतींचं वर्णन. तो ची हान याने इ. स. ३०४ मध्ये लिहिला अशी परंपरा आहे. आजचा मजकूर बऱ्याच नंतर जुळवलेला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. त्यात दोन सुगंधी फुलं शेजारी शेजारी येतात. एक 'येसिमिंग', म्हणजे फारसी 'यास्मिन', आपली चमेली, दुसरं 'मोली'. दोन्ही फुलं पश्चिमेकडच्या परक्या लोकांनी आणून दक्षिण किनाऱ्यावर लावली, असं त्यात म्हटलं आहे. त्या मुलखातल्या इतर फुलांना वास नाही, ही दोन मात्र परमुलखातून येऊनही आपला गंध सोडत नाहीत, अशीही एक जुनी नोंद तिथे उद्धृत केली आहे. आणि पुढचा तपशील वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो : तिथल्या बायका रंगीत धाग्यात ही फुलं ओवून केसांत माळतात. म्हणजे गजराच की!

बर्थोल्ड लाउफर यांच्या 'सायनो-इराणिका' (१९१९) या ग्रंथात या दोन्ही नावांची चिकित्सा आहे. हे सगळं पुढ्यात मांडलं, तर काय हाती लागतं? नाव भारतीय आहे आणि ते चिनी कानांना ओळखीचं करण्यात बौद्ध भाषांतरांचा हात आहे. रोप मात्र समुद्रमार्गे, पश्चिमेकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर, दक्षिणेच्या बंदरांत उतरलं असं चिनी ग्रंथ सांगतात. त्यात भिक्षू कुठेही नाहीत. माझ्या वाक्यातला पहिला अर्धा भाग असा गळून पडला. शब्द एका वाटेने गेला आणि रोप दुसऱ्या वाटेने, हे मला सुचलंच नव्हतं.

रोपाची साक्ष

वनस्पतिशास्त्रात मोगऱ्याला जस्मिनम सॅम्बॅक म्हणतात आणि त्याचं मूळ घर भारतीय उपखंडात, पूर्व हिमालयाच्या बाजूला मानतात. लागवडीतल्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. आपल्याकडे कुठल्याही माळ्याला विचारा, मोगरा फांदीवरून किंवा दाबकलमाने करतात. याचा अर्थ असा, की हे झाड वाऱ्याने गेलं नाही, पक्ष्याच्या पोटातून गेलं नाही, गाठोड्यात बांधलेल्या बियांतूनही गेलं नाही. कुणीतरी जिवंत रोप कुंडीत घालून गलबतावर ठेवलं आणि स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातलं पाणी त्याला घातलं. त्या माणसाचं नाव इतिहासात नाही. भिक्षूचं नाव घालून ती जागा भरण्याचा मोह मला झाला होता, तो असा.

अमरकोशात मल्लिकेला एक पर्यायी नाव आहे : शीतभीरु. थंडीला भिणारी. कोशकारांनी झाड नीट पाहिलं होतं. मोगऱ्याला कडक थंडी सोसत नाही. म्हणून तो चीनच्या दक्षिणेत, ग्वांगडोंग आणि फुजियानच्या किनारपट्टीत, नद्यांच्या गाळाच्या जमिनीत रुजला, आणि तिथेच थांबला. उत्तरेत तो हिवाळ्यात घरात घ्यावा लागणारा कुंडीतला लाडका पाहुणा झाला. बीजिंगच्या हिवाळ्यात शेतात मोगरा उभा राहणं शक्य नाही. पण बीजिंगच्या घराघरांत मोगऱ्याचा वास मात्र गेला. तो कसा गेला, हीच या चहाची खरी गोष्ट आहे.

पानाची बाजू

चहाला बाहेरचा वास लावावा की नाही, हा वाद चीनमध्ये हजार वर्षांचा आहे. अकराव्या शतकात त्साय श्यांग या फुजियानच्याच अधिकाऱ्याने चहावर छोटं पुस्तक लिहिलं. राजदरबारी जाणाऱ्या चहात किंचित कापूर मिसळतात, पण जाणकार लोक तसं करत नाहीत, कारण त्याने चहाचा स्वतःचा गंध हरवतो, असं त्याचं म्हणणं. हा माणूस फूझोऊचा प्रशासकही होता. ज्या शहराचं नाव पुढे सुगंधी चहाशी कायमचं जोडलं गेलं, तिथला हा जुना अधिकारी सुगंधाच्या विरोधात होता!

त्या काळचा उंची चहा वड्या करून, कुटून, घुसळून पीत. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने वड्यांचा चहा नजराण्यात घेणं बंद केलं आणि सुट्या पानांना मान आला. सुटं पान वास लवकर शोषतं. याच सम्राटाचा मुलगा चू च्वान याने चहाला फुलांचा वास देण्याची रीत लिहून ठेवली आहे : कागद लावलेली दोन कप्प्यांची बांबूची टोपली, वर चहा, खाली फुलं, घट्ट बंद, रात्र उलटली की जुनी फुलं काढून नवी घालायची. चित्रकार नी त्सान (१३०१–१३७४) याची रीत आणखी हौशी : सूर्योदयाच्या वेळी अर्धवट उमललेल्या कमळात चहा भरून ते धाग्याने बांधायचं. १५४१ मधल्या एका चहाग्रंथात मोगरा, पारिजातकासारखा नाजूक दिसणारा चिनी ओस्मान्थस, गुलाब, संत्र्याचं फूल अशी यादी आहे आणि प्रमाणही : तीन भाग चहा, एक भाग फुलं. फुलं जास्त झाली तर चहा हरवतो, कमी झाली तर वास उतरत नाही. आमच्याकडे केशर-वेलदोड्याबद्दल आजी हेच सांगायची.

एका रात्रीचं काम

फूल गेलं कुठे, या प्रश्नाचं उत्तर फूझोऊच्या कारखान्यांतल्या रीतीत आहे. चहा वसंतात खुडतात, मोगरा उन्हाळ्यात बहरतो. म्हणून हिरवा चहा आधी करून, वाळवून, वाट पाहायला ठेवतात. कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी, त्या रात्री उमलतील अशाच कळ्या खुडतात. पांढऱ्या, फुगलेल्या, पण मिटलेल्या. आपल्याकडे गजऱ्यासाठी पालघर-वसईकडचे शेतकरी पहाटे कळ्या खुडतात आणि त्या दादरच्या बाजारात येतात; हिशोब तोच, वेळ फक्त वेगळी.

फुलांमध्ये चिनी कारागीर दोन जाती मानतात. काही फुलांचा वास पाकळीतच साठलेला असतो. मोगऱ्याचं तसं नाही. त्याचा वास उमलताना तयार होतो आणि उमलताना सुटतो. कळीला वास नाही, कोमेजलेल्या फुलाला नाही. मधल्या काही तासांचा सगळा मामला. म्हणून कळ्यांचे ढीग करतात, ऊब धरली की पसरतात, पुन्हा ढीग करतात. रात्री आठ-दहाच्या सुमारास पाकळ्या वाघाच्या पंजासारख्या अर्धवट उघडल्या की चहा आणि फुलं थरावर थर घालून मिसळतात. ढीग आतून तापतो. फार तापला तर फुलं शिजतात आणि चहाला उग्र वास येतो. म्हणून मध्यरात्रीनंतर तो मोडून, वारा देऊन, पुन्हा रचतात. कारागीर हात खुपसून ऊब ओळखतो. सकाळी चाळणीने फुलं वेगळी काढतात. ती आता मलूल, पिवळट झालेली असतात. त्यांचं काम झालेलं असतं.

पण चहाने वासाबरोबर फुलाचं पाणीही घेतलेलं असतं. तो मंद आचेवर पुन्हा वाळवावा लागतो, आणि इथेच कसब लागतं : पाणी जावं, वास राहावा. मग काही दिवस विश्रांती आणि पुन्हा नवी फुलं, नवी रात्र. साध्या चहाला अशा एक-दोन फेऱ्या, उत्तम चहाला सात किंवा त्याहूनही जास्त. सगळ्या फेऱ्यांची फुलं मोजली तर ती चहाच्या वजनापेक्षा जास्त भरतात. शेवटी थोड्या ताज्या फुलांची एक फेरी देतात, तिच्यानंतर आच लावत नाहीत. काही कारखाने आधाराला पांढऱ्या चाफ्याची थोडी फुलं वापरतात. तो आपल्या सोनचाफ्याचा जवळचा नातलग. सिच्वानमध्ये शोभेसाठी वाळलेल्या पाकळ्या चहात ठेवण्याची रीत आहे, पण वास त्या पाकळ्यांचा नसतो.

हे वाचून मला राहवलं नाही. गच्चीतल्या कुंड्यांतला मोगरा, फवारणी नसलेला, संध्याकाळी खुडला. पन्नास ग्रॅम साधा हिरवा चहा आणि त्याच्या निम्मी फुलं स्टीलच्या डब्यात थर देऊन ठेवली. सकाळी झाकण उघडलं आणि स्वतःवरच खूश झालो. फुलं निवडली, डबा घट्ट लावला. आठव्या दिवशी चहावर बुरशी. पानं हाताला मऊ लागत होती, तरी वाळवायचं सुचलं नव्हतं. पुढच्या खेपेला तव्यावर वाळवला, तर आच जास्त झाली आणि भाजक्या गवताचा वास राहिला. तिसऱ्या खेपेला, कोमट तव्यावर कागद अंथरून, तासभर हाताने हलवत बसलो, तेव्हा कुठे पिण्याजोगा चहा झाला. 'तिथे त्याचा चहा झाला' असं मी भाषणात चार शब्दांत म्हटलं होतं. त्या चार शब्दांत शेकडो वर्षांचे हात होते, हे मला माझ्या बुरशीने शिकवलं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग चूक नव्हता, पण फार स्वस्त होता.

बीजिंगचं पाणी

मोठ्या प्रमाणावर हा धंदा फूझोऊत उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, सम्राट श्येनफंगच्या काळात (१८५१–१८६१). नानकिंगच्या १८४२ च्या तहाने हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं होतं. १८५३ मध्ये ताइपिंग बंडामुळे कँटन आणि शांघायकडच्या वाटा अडल्या, तेव्हा वुयी डोंगरातला चहा मिन नदीने थेट फूझोऊला उतरू लागला. एकाच बंदरातून दोन प्रवाह निघाले. काळा चहा जहाजांनी लंडनला. १८६६ ची गाजलेली चहा-जहाजांची शर्यत फूझोऊहूनच सुरू झाली. आणि मोगऱ्याचा चहा किनाऱ्याने वर तियानजिनला, तिथून बीजिंगला.

उत्तरेला हा चहा इतका का आवडला? एक कारण पाण्यात आहे. जुन्या बीजिंगमधल्या बहुतेक विहिरींचं पाणी खारट-कडवट होतं; गोडं पाणी गाड्यांवरून विकत घ्यावं लागे. अशा पाण्यात नाजूक हिरवा चहा मरतो, मोगऱ्याचा टिकतो. दुसरं कारण अंतर. दक्षिणेतला ताजा हिरवा चहा उत्तरेत पोहोचेपर्यंत शिळा होई. सुगंधी चहाला प्रवास जास्त सोसे. तिथे त्याला 'श्यांगप्येन', सुगंधी पान, असं नाव पडलं. १८८७ मध्ये सुरू झालेलं वू यूताय हे बीजिंगचं दुकान आजही या चहासाठी ओळखलं जातं. ज्यांना अख्खी पानं परवडत नसत ते उंची चहाचा चुरा, 'काओमो', पुडीत बांधून नेत. हमालापासून अधिकाऱ्यापर्यंत वास एकच. थंडीला भिणारं फूल जिथे कधी रुजलं नसतं, तिथे ते असं पानात बसून पोहोचलं.

१८८० नंतर आपल्या आसामच्या आणि सिलोनच्या मळ्यांतल्या चहाने लंडनचा बाजार काबीज केला आणि फूझोऊचा काळ्या चहाचा व्यापार बसला. उत्तरेच्या गिऱ्हाइकामुळे मोगऱ्याचा चहा मात्र तगला. त्याच्यावरचं संकट नंतर आलं, आणि ते शहराच्या वाढीचं होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस मिन नदीकाठच्या मोगऱ्याच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. फुलांची लागवड ग्वांग्शी प्रांतातल्या हेंगझोऊ भागात सरकली. आज चीनमधली बहुतांश फुलं तिथली. शहराने १९८५ मध्ये मोगऱ्याला नगरपुष्प केलं, आणि पुढच्या काही वर्षांतच शेतं आटत गेली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने फूझोऊच्या मोगरा-चहा पद्धतीला जागतिक कृषिवारशाचा दर्जा दिला, २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत चिनी चहाकलेबरोबर ही रीतही गेली. नदीकाठी काही शेतं पुन्हा उभी राहिली. वसई-विरारकडच्या वाड्यांचं काय झालं हे पाहिलेल्या मराठी वाचकाला यात वेगळं काही समजावून सांगायला नको.

कप कसा करावा

दूध, साखर, आलं बाजूला ठेवा. उकळी आली की गॅस बंद करून तीन-चार मिनिटं पाणी निवू द्या. दीडशे मिलिलिटर पाण्याला तीन ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे चहा. चहा पाण्यात उकळायचा नाही; पाणी चहावर ओतायचं आणि झाकण ठेवायचं. दोन मिनिटांनी झाकण उचला आणि चहाच्या आधी झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या. चिनी लोक हेच करतात. मग गाळा. त्याच पानांवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाणी घाला. खऱ्या फुलांवर तयार झालेला चहा दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यालाही वास देतो. अत्तर मारलेला पहिल्याच पाण्यात सगळं ओकून टाकतो आणि मागे नुसता तुरट राहतो.

गेल्या चैत्रात डब्यातला उरलेला चहा घेऊन बाईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं : मल्लिका, शीतभीरु, पर्शियन व्यापारी, बुरशी. बाईंनी झाकणाचा वास घेतला, डोळे मिटले, मग एक घोट घेऊन म्हणाल्या, "म्हणजे नाव आपलं, फूल आपल्या बाजूचं, आणि हात त्यांचे."

मी म्हटलं, "आणि 'चहा' हा शब्द? तोही त्यांच्या 'छा'वरूनच आला की आपल्याकडे."

"मग त्यांनी आपल्याला शब्द दिला, आपण त्यांना दिला. फिटंफाट," बाई म्हणाल्या. "पण भिक्षूंचं काय?"

"भिक्षू काढले," मी म्हणालो.

"अहवालातून?"

छापलेल्या अहवालातून ते आता निघणार नाहीत. म्हणून वाचकांना विनंती, की कुठे ते वाक्य माझ्या नावावर आढळलं तर शेजारी पेन्सिलीने एवढं लिहावं : लेखकाने मागे घेतलं आहे.